सहा फूट मागं

आमच्या कॉलनीतला रस्ता पक्का करायचं ठरलं तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची माझी नोकरी, त्यामुळे कॉलनीत कुठलाही कागद आला की लोक म्हणायचे, मुकुंद टाकळकरांना दाखवा. जालना रोडपासून आत अर्ध्या मैलावर बावीस घरं आणि त्यांच्या मधून एक कच्चा रस्ता. पावसाळ्यात इतका चिखल व्हायचा की स्कूटर मोठ्या रस्त्यावरच कुणाच्या तरी दुकानापुढं लावायची आणि चपला हातात घेऊन घरी यायचं. म्हणून रस्त्याला सिमेंटचे ब्लॉक बसवायचे आणि दोन्ही बाजूंनी झाडं लावायची, असं सभेत एकमतानं ठरलं. एकमत तिथंच संपलं.

झाडांचं काम भानुमती चौसाळकरांकडे दिलं. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि तीन नंबरला एकट्याच राहायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या बोलायच्या कमी, आणि एकदा बोललेलं सहसा बदलायच्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गडी लावून पहारीनं चार ठिकाणी खणून बघितलं. वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली मुरूम, त्याच्याखाली खडक.

"इथं मुळांना खाली जायला जागाच नाही," त्या मला म्हणाल्या. "ती आडवी पळणार. ब्लॉकखाली ओल टिकते, तिकडंच जाणार आणि ब्लॉक उचलणार. म्हणून गुलमोहर नको. पिंपळ-उंबर तर नकोच. बकुळ, बहावा आणि ताम्हण लावू. तेही ब्लॉकच्या कडेपासून सहा फूट मागं, आणि दोन झाडांच्या मधे वीस फूट. बुंध्याभोवती चार बाय चार माती उघडी राहिली पाहिजे."

"सहा फूट मागं म्हणजे लोकांच्या कंपाउंडात जातंय."

"मग कंपाउंडात. भिंतीपलीकडून सावली येत नाही का रस्त्यावर?"

मोठं झाड त्यांना एकच हवं होतं, कडुनिंबाचं. त्यासाठी ब्लॉक, भिंत, हौद या सगळ्यांपासून किमान वीस फूट सुटेल अशी जागा लागणार होती. कॉलनीभर टेप घेऊन फिरलो. तशी जागा एकच निघाली, नऊ नंबरच्या बाजूचा तिकोनी तुकडा. त्याला आम्ही तिकोनच म्हणायचो.

नऊ नंबर तात्यासाहेब ठोंबऱ्यांचं. ते शेंद्र्याकडचे. तिथली त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली, तेव्हा त्यांनी आमच्या कॉलनीत बंगला बांधला. येताना ते एक म्हैस घेऊन आले. त्यांच्या पत्नी आवडाबाईंचा त्या म्हशीवर फार जीव. ती म्हैस आणि कडब्याची गंजी तिकोनात असायची. कुणी काही म्हणत नव्हतं, कारण निम्म्या कॉलनीला दूध तिथूनच जायचं. मॅडमसुद्धा रोज सकाळी तांब्या घेऊन जायच्या.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कॉलनीच्या मंजूर नकाशात तिकोन सोसायटीची मोकळी जागा म्हणून दाखवलेला होता. तो नकाशा माझ्या कपाटात होता. पण तात्यासाहेबांना प्लॉट विकणाऱ्या माणसानं तोंडी सांगितलं होतं की बाजूचा तुकडा तुमचाच समजा. तात्यासाहेबांनी ते समजून घेतलं होतं. मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. शेजार त्यांचा, मी आठ नंबरला. उगाच भांडण कशाला, म्हणून मी नकाशा कपाटातच ठेवला.

मॅडमनी तिकोनाच्या मधोमध चुन्याच्या फक्कीनं एक गोल काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब माझ्या दारात उभे. मी दाढी करत होतो.

"मुकुंदराव, तिकोनात फक्की कुणी टाकली?"

"मॅडमनी. झाडाचा खड्डा घ्यायचाय."

"झाडाचा." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "आमच्याकडं बी आधी फक्कीच टाकली होती. टेप घेऊन आले, म्हणले नुसतं बघायलो. मग खुट्या आल्या, मग दगड, मग कागद. अन् कागद आला तवा वाचून दाखवायला कुणी नव्हतं."

"अहो, कडुनिंबाचं रोप आहे ते. त्याचा कागदाशी काय संबंध?"

"झाड लावलं की जागा झाडवाल्याची. हे मला शिकवू नका. बांधावरची बाभळ कुणाची यावरनं आमच्यात दोन पिढ्या बोलणं बंद होतं." ते पायरी उतरले आणि परत वळले. "तुमच्याकडं नकाशा असंल ना कॉलनीचा?"

माझ्या तोंडाला फेस होता. मी "बघावं लागेल" असं काहीतरी म्हणालो. ते निघून गेले. त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर दोन-चार दिवस आरडाओरड झाली असती आणि विषय मिटला असता. मी तोंड धुतलं आणि ऑफिसला गेलो.

त्यांनी फक्कीच्या गोलावर शेण टाकून तो पुसला. मॅडमनी दुसरा काढला. तोही पुसला गेला. तिसऱ्या वेळी मॅडम थांबल्या आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यांच्या कामाला लागल्या. त्या गप्प बसल्या याचा तात्यासाहेबांनी भलताच अर्थ लावला. आवडाबाईंनी मला पुढं कधीतरी सांगितलं, की त्या आठवड्यात त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. "बाई गप झाली म्हणजे अर्ज केला तिनं," असं ते सारखं म्हणायचे. दोनदा तहसील कचेरीत जाऊन कुणाचा अर्ज आलाय का विचारून आले.

पुढच्या शनिवारी ते छावणीकडच्या एका नर्सरीतून पाच गुलमोहर घेऊन आले. डोक्याइतकी उंच रोपं होती. त्यांच्या फाटकाशेजारी, कंपाउंडाच्या आत पाण्याचा हौद होता. तिथून सुरुवात करून तिकोनाच्या रस्त्याकडच्या कडेनं त्यांनी ती पाचही एका रांगेत लावली. दोन झाडांत पाच फूट आणि ब्लॉकसाठी आखलेल्या कडेपासून जेमतेम एक. दुरून बघितलं तर कुंपणच घातल्यासारखं दिसत होतं, आणि त्यांना तेच हवं होतं.

मॅडम संध्याकाळी आल्या. मी तिथंच होतो. त्यांनी टेप काढला तसे तात्यासाहेब खुर्चीतून उठले.

"कशाला मोजायलात?"

"हे पहिलं झाड तुमच्या हौदापासून अडीच फुटांवर आहे," मॅडम म्हणाल्या. "हे गुलमोहर आहेत, तात्यासाहेब. ब्लॉक बसले की सहा-सात वर्षांत ते वर येतील. हौदाचाही भरवसा नाही. गुलमोहर लावायचाच असेल तर एकच लावा, आणि हौदापासून, ब्लॉकपासून लांब. आहेत तेच ठेवणार असाल तर निदान सहा फूट मागं घ्या."

"मागं म्हणजे कुठं?"

"आत. तिकोनात."

तात्यासाहेब हसले. "ऐकलं का, आवडाबाई? म्याडम म्हणती मागं घ्या."

"मी झाडाबद्दल बोलतेय."

"मी बी झाडाबद्दलच बोलायलो. आज सहा फूट मागं घेतो, उद्या तुम्ही बारा म्हणसाल. मागं घेत घेत मी एकदा शेंद्र्याहून इथवर आलोय."

मॅडमना त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ लागला नाही. त्यांना शेंद्र्याचं काही माहीत नव्हतं. त्यांनी टेप गुंडाळला. परत जाताना मला म्हणाल्या, "या माणसाच्या मनात काय आहे? झाडाशी वैर असल्यासारखं बोलतोय." मी खांदे उडवले.

मॅडमची एकोणीस झाडं लागली, बहुतेक अजून भिंत न घातलेल्या कंपाउंडांत. ब्लॉकचं कामही सुरू झालं. ठेकेदाराची माणसं दोन-तीन ठिकाणी झाडाच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक घालायला निघाली, तेव्हा मॅडमनी उन्हात उभं राहून ते काढायला लावले. दहा-बारा दिवसांनी नऊ नंबरच्या समोरच्या बाजूची एक बकुळ सुकली. मग तिच्या शेजारची. महिन्याच्या आत चार गेली, आणि चारही तात्यासाहेबांच्या फाटकातून दिसतील अशीच.

मॅडमनी बुंध्याजवळची माती उकरली. वरच्या थराला पांढरट खपली धरलेली. त्यांनी ती चिमटीत घेतली, चुरडली, माझ्यापुढं धरली. "मीठ," त्या म्हणाल्या.

मला संशय घ्यायला तेवढं पुरलं. त्यानंतर तात्यासाहेब बादली घेऊन बाहेर पडले की मी खिडकीशी जाऊ लागलो. मी एकटाच नव्हतो. समोरच्या गॅलरीतही माणसं उभी दिसायची. ते म्हशीला पाणी पाजून रिकामी बादली घेऊन आत जायचे, आणि आम्ही मनात म्हणायचो, आज नाही टाकलं. मॅडमनी त्यांच्याकडचं दूध बंद केलं. "त्यात काय असेल आता कोण जाणे," असं त्या मला म्हणाल्या. हुशार बाई, पण तेव्हा ते ऐकून मला काही वावगं वाटलं नाही.

पुढची सभा माझ्याच घरी होती. ब्लॉकचा विषय संपल्यावर मॅडम उभ्या राहिल्या. "माझ्या चार झाडांना मीठ घातलंय. कुणी घातलं ते मला माहीत आहे."

सगळे सतरंजीकडं बघायला लागले. तात्यासाहेब दाराशी बसले होते.

"नाव घ्या," ते म्हणाले.

"तुम्ही."

ते उठले, चप्पल पायात घातली, मग म्हणाले, "आमच्या घरात जितराबाला अन् झाडाला कुणी मारत नाय. माणसांचं सांगत नाय मी." आणि गेले. आवडाबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या उठल्या, माझ्या बायकोला हळूच "येते" म्हणाल्या आणि नवऱ्याच्या मागं गेल्या. कुणीही थांबा म्हणालं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मला सर्दी-ताप होता म्हणून मी दुपारी घरी होतो. खिडकीत बसलो होतो. सवयच लागली होती. ठेकेदाराची दोन माणसं जेवणाआधी घमेली आणि पिंप धुवत होती. ते राखाडी पाणी नव्या ब्लॉकवर सांडू नये म्हणून त्यांनी ते समोरच्या ताम्हणाच्या आळ्यात ओतलं. मग दुसरं घमेलं. मी बाहेर जाऊन विचारलं, रोज इथंच ओतता का?

"खड्ड्यात लवकर जिरतं ना साहेब," एक जण सहज म्हणाला. "आधी तिकडं ओतत होतो, ते भरलं."

तिकडं म्हणजे त्या चार बकुळींकडं. मी वाळलेल्या आळ्यातली खपली नखानं काढली आणि जिभेला लावली. खारट नव्हती. सिमेंट होतं.

मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. हातातली देठं ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "मी चव का घेतली नाही? पोरांना जन्मभर शिकवलं, आधी तपासा मग बोला."

"वाटलंच तसं आपल्या सगळ्यांना," मी म्हणालो.

"तुम्हाला वाटलं असेल. मी बोलले."

त्याच संध्याकाळी त्या नऊ नंबरला गेल्या. मलाही बरोबर यायला सांगितलं. तात्यासाहेब ओट्यावर होते. त्यांनी बसा म्हटलं नाही. मॅडमनी उभ्यानंच सिमेंटची हकीकत सांगितली आणि हात जोडले. "माझं चुकलं. मला माफ करा."

"बोललात भर सभेत," तात्यासाहेब म्हणाले, "अन् माफी दारात मागायलात."

मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या "बरोबर आहे" म्हणाल्या. पुढच्या सभेत सगळ्यांसमोर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, एक शब्द कमी न करता. तात्यासाहेबांनी ऐकलं, मान हलवली. सभा सुटल्यावर मात्र मला रस्त्यात गाठलं.

"मुकुंदराव, ही बाई आता काय मागणार?"

"काही नाही. खरंच वाईट वाटलंय त्यांना."

"इतकं कुणी उगीच वाकत नाय. तिकोनाचंच असणार काहीतरी." आणि मग नेहमीसारखं माझ्या चेहऱ्याकडं बघून, "तुम्हाला तर ठाऊक नाय ना काही?"

मी नाही म्हणालो. सरळ नाही म्हणालो. आधी नुसतं टाळलं होतं, आता खोटं बोललो.

वर्षं गेली. मॅडमच्या बकुळी फार हळू वाढल्या. चार वर्षं झाली तरी त्या माणसाच्या छातीएवढ्याच, आणि लोक चिडवायचे की मॅडम, ही झाडं आहेत की कुंड्या. तात्यासाहेबांच्या गुलमोहरांनी मात्र पाचव्या वर्षी रस्त्यावर मांडव घातला. मे महिन्यात लाल फुलांचा सडा पडायचा. पाहुणे आले की फोटो काढून घ्यायचे. तात्यासाहेब खुर्ची टाकून त्याखाली बसायचे, आणि मॅडम फिरायला जाताना दिसल्या की मुद्दाम वर बघायचे. मॅडम खाली बघत जायच्या. सहाव्या वर्षी पहिल्या झाडासमोरचे ब्लॉक पाटासारखे थोडे उचलले होते. सातव्या वर्षी तिथं स्कूटर घसरून माझा गुडघा फुटला. कंपाउंडाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. तात्यासाहेब म्हणाले, ब्लॉकवाल्यानं खाली खडी कमी टाकली. भिंतीला गवंड्यानं वाळू खराब वापरली. झाडाचं नाव कुणी काढलं तर ते विचारायचे, "तुम्हाला कुणी पढवलं?"

मग हौदातलं पाणी कमी व्हायला लागलं.

आमच्याकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी. उन्हाळ्यात कधी सहाव्या. हौद भरून ठेवायचा आणि त्यावर काढायचं. त्या एप्रिलमध्ये नऊ नंबरचा हौद दोन दिवसांतच तळाला जाऊ लागला. म्हैस केव्हाच विकली होती, घरात माणसं दोनच. आवडाबाई बांबूला दोरा बांधून सकाळ-संध्याकाळ पातळी बघायच्या. सकाळी दोरा बुडायचा, संध्याकाळी वीतभर कोरडा.

तात्यासाहेबांनी हौदाच्या झाकणाला कुलूप लावलं. तरी पाणी कमी. मग ते माझ्याकडं आले, माझ्या हौदाचं झाकण स्वतः उचलून आत डोकावले. माझा हौद भरलेला होता. मग ते आमच्या दोन्ही हौदांच्या मधल्या भिंतीच्या कडेनं, जमिनीकडं बघत, हळूहळू चालत गेले. चोरनळी शोधत होते. दुसऱ्या दिवशी आवडाबाईंना म्हणाले, "त्या बाईच्या बकुळी भर उन्हाळ्यात हिरव्या कशा?"

"रस्त्यापलीकडनं ती पाणी कशी नेईल?" आवडाबाई म्हणाल्या. "अन् बकुळ असतीच की हिरवी."

"तू तिची बाजू घेती?"

"मी पाण्याची बाजू घ्यायलेय. मला भांडी घासायचीत."

मग त्यांनी पाळत ठेवायची ठरवली. पाणी आलं त्या दिवशी हौद गळ्यापर्यंत भरला, कुलूप लावलं आणि झाकणाशेजारी खुर्ची टाकली. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. जेवण तिथंच, रात्री खाटही तिथंच. उठायची वेळ आली तर आवडाबाईंना बसवून जायचे. मी ऑफिसला जाताना ते दिसायचे, येताना दिसायचे. मांडीवर हात, नजर रस्त्यावर. गुलमोहराची फुलं त्यांच्या टोपीवर पडलेली. तीन दिवस असे गेले. कुणी आलं नाही. कुणी भिंतीला हात लावला नाही. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी स्वतः कुलूप काढलं, आवडाबाईंनी बांबू सोडला, आणि तो तळाला टेकून ठक्क असा आवाज आला.

आवडाबाई म्हणतात, ते तेव्हा पहिल्यांदा घाबरले. चोर सापडला असता तर बरं झालं असतं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांडू प्लंबरला बोलावलं. मीही गेलो. सांडू शिडीनं हौदात उतरला. थोडा वेळ आतून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "तात्या, कोयता द्या."

"कोयता कामून?"

"द्या तर."

आत कापल्याचा आवाज आला. मग त्यानं वर जे ढकललं ते आधी मला ओलं पोतं वाटलं. ती मुळं होती. तांबूस, केसांसारखी बारीक, एकमेकांत गुंतलेली, गोणपाटाएवढी. त्यातून पाणी टपकत होतं. नळाचा पाइप जिथं तळालगत भिंतीतून हौदात येत होता, तिथून मनगटाएवढं जाड एक मूळ आत शिरलं होतं आणि आत येऊन त्याची ही जटा झाली होती. त्याच्या बाजूनं पाणी गपचूप बाहेर जात होतं.

तात्यासाहेबांनी पायानं ती जरा उलटली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्याडमला बोलवा."

मला वाटलं, भांडण होणार. मॅडम आल्या, तेव्हा त्यांनाही तसंच वाटत असावं. त्या फाटकाशीच थांबल्या. तात्यासाहेब म्हणाले, "या. बघा तुमचं खरं झालेलं."

मॅडम हौदाच्या काठावर बसल्या. वय झालं होतं, सहज खाली बसता येत नव्हतं. आवडाबाईंनी हात दिला. त्यांनी सांडूला विचारलं, पाइपाच्या भोवतीचं प्लॅस्टर कसं आहे? सांडूनं बोटानं खरवडलं. भुसभुशीत वाळू हातात आली.

"हे आधीपासूनच पोकळ होतं," मॅडम म्हणाल्या. "तात्यासाहेब, चांगली भिंत मूळ फोडत नाही. आधी इथून थोडं थोडं पाणी झिरपत असणार. माती ओली राहिली, मूळ ओलीच्या मागं आलं, भेग सापडली आणि आत घुसून जाड झालं. झाड इतकं जवळ नसतं तर कदाचित आणखी चार-पाच वर्षं कळलं नसतं. पण हौद तेव्हाही गळतच राहिला असता."

तात्यासाहेबांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे सगळा दोष झाडाचा नाय?"

"नाही."

"अन् माझा?"

"जवळ लावलंत, तेवढा. ब्लॉक उचलले आणि कंपाउंडाची भिंत चिरली, ते मात्र झाडानंच."

"आठ वर्षांमागं तुम्ही सांगितलं अन् मी ऐकलं नाय. आज तुमचा दिवस हाय. मग तुम्ही अर्ध्यात सोडायलात कामून?"

"कारण अर्धंच खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण खरं नसताना मी एकदा तुमच्यावर बोलले होते."

सांडू शिडीवर अर्धा वर येऊन थांबला होता. तात्यासाहेब खुर्चीत बसले आणि मग, मॅडमना कधीच न सांगितलेलं, त्यांनी सांगितलं. शेंद्र्याची जमीन, टेप, फक्की, खुट्या. घरातल्या कुणाला वाचता येत नव्हतं म्हणून तो कागद पंधरा दिवस देवळीत तसाच पडून राहिला. "तुम्ही मागं घ्या म्हणलात," ते म्हणाले, "तवा मला झाड ऐकूच आलं नाय. मला जमीनच ऐकू आली."

"मला कुणी सांगितलं असतं," मॅडम म्हणाल्या, "तर मी टेप बाहेरच काढला नसता."

तात्यासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "मुकुंदराव, आता खरं सांगा. नकाशात तिकोन कुणाचा हाय?"

या वेळी तोंडाला फेस नव्हता. मी म्हणालो, "सोसायटीचा. मोकळी जागा आहे."

"कवापासनं ठाऊक हाय?"

"पहिल्यापासून."

"मी दारात येऊन विचारलं होतं. रस्त्यात विचारलं होतं."

"हो."

"मग?"

शेजारधर्म म्हणून गप्प बसलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होतो. त्या काठावर उभं राहून ते म्हणायला तोंड उघडेना. आवडाबाईच पुढं झाल्या. "भाऊ, तुम्ही तवाच नाय म्हणला असता तर मी म्हैस दुसरीकडं बांधली असती," त्या म्हणाल्या. "एवढंच झालं असतं."

तात्यासाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "मी आठ वर्षं या बाईवर नजर ठेवली," आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

परवानगी काढून पावसाळ्याआधी चार गुलमोहर काढले. टोकाचा एक हौदापासून, भिंतीपासून लांब होता, तो मॅडमनीच राहू द्या म्हणून सांगितलं. त्याच्यापुढचे ब्लॉक काढून तेवढी माती उघडी केली. हौदाला आतून नवं प्लॅस्टर केलं. जुलैत तिकोनाच्या मधोमध कडुनिंब लागला. खड्डा तात्यासाहेबांनी स्वतः घेतला, मुरूम लागल्यावर पहार माझ्या हातात दिली. मी निमूटपणे खणलं. तिकोन सोसायटीचा असल्याचं त्यांनी मॅडमकडून लिहवून दिलं, तेही कुणी न मागता. आवडाबाईंनी तिथं बसायला एक सिमेंटचा बाक घालायला लावला आणि आता तो बायकांच्या ताब्यात आहे.

मॅडम आणि तात्यासाहेब बरोबर नर्सरीत जातात. बाजूच्या नव्या कॉलनीतले लोक झाडांचं विचारायला आले तर तात्यासाहेबच सांगतात, गुलमोहर नको, बकुळ घ्या, घाई करू नका. मॅडम शेजारी उभ्या असतात, चुकलं तर दुरुस्त करतात, आणि ते ऐकून घेतात.

माझ्याशीही ते बोलतात. सणाला बोलावतात, चहा घेतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात. पण घरी एखादा कागद आला, वीजबिलापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत कुठलाही, तर तो घेऊन ते माझं दार ओलांडून पुढं जातात आणि तीन नंबरची कडी वाजवतात.